वाढणारे हात

आपल्याकडे समोर आलेले अन्न नाकारणे हा वाढणाऱ्याचा अपमान समजला जातो. दारी आलेल्या पाहुण्यास घरधनीण निदान गूळपाणी तरी देते, आणि पाहुणाही 'पोट भरले आहे' असे म्हणत म्हणत दोन घास खातोच. ताट पुढ्यात आल्यावर ते कोणी रांधले, त्या हातांना साबण लागला होता काय, पाणी कोठून आणले होते, असे प्रश्न विचारण्याची आपली रीत नाही. विचारले तर पंगतच मोडेल. अन्नाचा सारा व्यवहार विश्वासावर चालतो आणि तो तसाच चालावा हे योग्यच आहे. परंतु काही रोग असे आहेत की ते नेमके ह्याच विश्वासाच्या वाटेने घरात शिरतात. अशाच एका रोगाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आमच्या शेजारात उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी, आम्ही आज वाचकांशी चार शब्द बोलणार आहोत.

आमच्या आजीच्या पिढीत ह्या रोगास 'मुदतीचा ताप' म्हणत. तीन आठवड्यांची मुदत भरल्याखेरीज तो उतरत नाही, असा अनुभव होता आणि ती मुदत भरेपर्यंत रोगी राहील की जाईल हे कोणास सांगता येत नसे. पुस्तकी मराठीत तो विषमज्वर झाला, दवाखान्यात टायफॉईड झाला. १८८० साली कार्ल एबर्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे ज्या जंतुकुळात त्याची गणना झाली, त्या कुळास डॅनियल साल्मन ह्या अमेरिकन पशुवैद्याच्या नावावरून 'साल्मोनेला' असे नाव पडले. ह्या कुळाच्या दोन शाखा ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे समजण्यास सोपे जाते. विषमज्वराचा जंतू केवळ माणसातच नांदतो. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात वा अन्नात आणि तेथून दुसऱ्या माणसाच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास. दुसऱ्या शाखेचे जंतू कोंबड्या, गुरे, डुकरे ह्यांच्या आतड्यांत राहतात आणि अंडी, मांस, न तापविलेले दूध ह्यांतून आपल्यापर्यंत येतात. त्यांच्यामुळे बहुधा जुलाब, उलट्या व ताप येतो. धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत सावरतो, पण तान्हे मूल, वृद्ध आणि अशक्त माणूस ह्यांच्या जिवावर बेतू शकते.

आम्ही रावेत येथे राहावयास आलो त्यास आता बारा-तेरा वर्षे होतील. पवनेच्या काठचे हे गाव. येथील बंधाऱ्याचे नाव पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी निदान पाणीटंचाईच्या बातम्यांत तरी वाचलेले असते. मावळातील पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या उघड्या पात्रातून वाहत येते, रावेतच्या बंधाऱ्याशी अडते, तेथून उपसून निगडीच्या सेक्टर तेवीसमधील शुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि मग शहराच्या नळांत येते. म्हणजे लक्षावधी लोकांच्या ताटातील भात ज्या पाण्यात शिजतो, त्या पाण्याची वेस आमच्या गावाशी आहे. आम्ही आलो तेव्हा गावठाणाच्या भोवती शेते होती. पाहता पाहता तेथे उंच इमारती उठल्या. आकुर्डीच्या महाविद्यालयांत शिकणारी आणि हिंजवडी, तळवडे, चाकण येथे कामाला जाणारी शेकडो मुले-मुली ह्या इमारतींत तिघे-चौघे मिळून सदनिका भाड्याने घेऊन राहू लागली. त्यांच्यामागोमाग खानावळी आल्या, अंडाभुर्जीच्या गाड्या आल्या आणि घरोघरी डबे करून देणाऱ्या बायका आल्या.

आमच्या इमारतीजवळच्या चाळवजा घरात राहणाऱ्या अशाच एक मावशी. मराठवाड्यातून नवऱ्याच्या कामानिमित्त आल्या, नवऱ्याचे काम सुटले, आणि त्यांनी डब्यांवर संसार उचलून धरला. बारा मुलांचे दोन वेळचे डबे त्या एकट्या करीत. मुले त्यांना मावशी म्हणत आणि मावशी मुलांना 'लेकरांनो' म्हणत. हे नाते केवळ तोंडदेखले नव्हते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परीक्षेच्या दिवसांत एखाद्याचे पैसे थकले तरी त्याचा डबा कधी थांबला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात ह्या बारांपैकी तीन मुलांना आठ दिवसांच्या आत ताप आला. एकास रुग्णालयात ठेवावे लागले; रक्ताच्या तपासणीत विषमज्वराचा जंतू सापडला. त्या संध्याकाळपासून इमारतीत एकच चर्चा सुरू झाली: डबा कोणाचा? कोणास तरी आठवले की आदल्या हिवाळ्यात मावशी गावी जाऊन आल्या तेव्हा त्यांनाही असाच ताप आला होता. मग काय विचारता! दोन दिवसांत रहिवाशांची बैठक बोलावण्यात आली आणि मावशींनी इमारतीत पाऊल ठेवू नये, मुलांनी त्यांचा डबा बंद करावा, असा ठराव पुढे आला. मावशी जिन्याशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊनच लेकरं पडली असतील तर मला तसं सांगा, मी आजच चूल विझवते. पण नुसत्या संशयानं विझवा म्हणाल, तर माझ्या घरातल्यांच्या पोटात काय घालू?"

ह्या प्रश्नास त्या बैठकीत कोणापाशीच उत्तर नव्हते. आम्हांस असे वाटते की विषमज्वराविषयी बोलताना मावशींचा हा प्रश्न टाळून कोणासही पुढे जाता येणार नाही.

प्रथम संशयाचा विचार करू. ह्या रोगाचा जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः एक ते तीन आठवडे लोटतात. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी आपण काय खाल्ले होते, हे वाचकहो, तुम्हांस सांगता येईल काय? त्या मुलांनी त्या काळात डबा खाल्ला होता, तशी चौकातली पाणीपुरी खाल्ली होती, उसाचा रस बर्फ घालून प्यायला होता आणि इमारतीच्या टाकीतले पाणी तर रोजच प्यायले होते. परंतु पाणीपुरीवाला डोळ्यांसमोर नव्हता, बर्फाचा कारखाना कोणास ठाऊक नव्हता आणि टाकीचे झाकण उघडून कोणी पाहिले नव्हते. डोळ्यांसमोर होत्या त्या मावशी. रोग उशिराने प्रकट होतो तेव्हा दोष हटकून जवळच्या, ओळखीच्या आणि दुबळ्या माणसाच्या माथी बसतो.

तरीही संशय निराधार होता असे म्हणता येत नाही, आणि हीच ह्या प्रश्नाची अवघड बाजू आहे. विषमज्वरातून उठलेल्या शंभर माणसांपैकी एक ते पाच माणसांच्या पित्ताशयात हा जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून राहू शकतो. त्या माणसास स्वतःस काही होत नाही. तो हसतो, खेळतो, कामाला जातो. मात्र त्याच्या शौचातून जंतू बाहेर पडत राहतात. नखाच्या कोपऱ्यात राहिलेला अंशही कोशिंबिरीत उतरण्यास पुरेसा होतो. उकळत्या आमटीत वा तव्यावरच्या भाकरीत तो तगत नाही. कापलेला कांदा, काकडी, चटणी, ताक, थंड केलेली खीर ह्यांत तगतो.

अशा निरोगी वाहकांपैकी जगात सर्वांत प्रसिद्धी पावलेली स्त्री म्हणजे मेरी मॅलन. आयर्लंडमध्ये १८६९ साली जन्मलेली ही मुलगी पोटासाठी अमेरिकेस गेली आणि न्यूयॉर्कच्या धनिकांच्या घरी स्वयंपाकीण झाली. जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता-अभियंत्याने ताप आलेल्या घरांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांतील घरामागून घरात हीच स्वयंपाकीण काम करून गेल्याचे त्यास आढळले. तिच्या हातचे पीच घातलेले आइसक्रीम लोकांना फार आवडे. ते शिजवावे लागत नसे, हे त्याने हेरले. १९०७ साली तिला पकडून एका बेटावरील रुग्णालयात ठेवण्यात आले. आपण कधी आजारी पडलोच नाही, मग आपण रोग कसा देऊ, असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. १९१० साली 'पुन्हा स्वयंपाक करणार नाही' अशा वचनावर तिची सुटका झाली. परंतु स्वयंपाक सोडला तर तिच्यापाशी धुणी धुण्याचे कामच उरले होते आणि त्यात मजुरी अगदी थोडी. ती नाव बदलून पुन्हा चुलीशी गेली. १९१५ साली ती ज्या प्रसूतिरुग्णालयात स्वयंपाक करीत होती, तेथे पंचवीस जणांना ताप आला, त्यांतील दोघे मरण पावले. तिला पुन्हा त्याच बेटावर नेण्यात आले आणि १९३८ साली तेथेच तिचा अंत झाला. दोन्ही वेळचे मिळून तिने सुमारे सव्वीस वर्षे एकांतवासात काढली.

मेरीचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या खेपेस दोन माणसांचे प्राण गेले आणि त्यांच्याही घरी रडणारे होतेच. परंतु तिच्या मृत्यूपर्यंत न्यूयॉर्कमध्ये असे शेकडो निरोगी वाहक नोंदले गेले होते, आणि तिच्याइतका दीर्घ एकांतवास त्यांतील कोणाच्याही वाट्यास आला नाही. ती गरीब होती, एकटी होती, परकी होती, आणि तिच्या जिभेला धार होती. तिच्याकडून चूल मागून घेताना तिला जगण्याचे दुसरे साधन देण्याची जबाबदारी कोणी पुरती उचलली नाही. ते दिले असते तर कदाचित तीही वाचली असती आणि ती दोन माणसेही वाचली असती. ज्याची रोजी काढून घ्यावयाची त्यास रोजी दिली पाहिजे. ही केवळ भूतदया नव्हे, रोग रोखण्याचा हा एक व्यवहारी उपाय आहे. पोटाचा प्रश्न सुटला नाही तर माणूस आजार लपवितो आणि लपलेला आजारच सर्वांत अधिक पसरतो.

हीच गोष्ट आम्ही त्या बैठकीत सांगितली. रागावलेली माणसेही शेवटी लेकुरवाळी असतात. त्यांनी ऐकून घेतले. बरीच चर्चा होऊन तीन गोष्टी ठरल्या. मावशींनी तपासणी होईतो स्वयंपाक थांबवावा. त्या मुदतीत पाच घरांनी पाळीपाळीने मुलांचे डबे करावे आणि मुलांनी नेहमीप्रमाणे द्यावयाचे पैसे पुरते मावशींच्या हाती द्यावे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मावशींच्या तपासणीबरोबर इमारतीच्या पाण्याचीही तपासणी व्हावी. मावशी प्रथम तयार नव्हत्या. तपासणीचे नाव काढताच आपण गुन्हेगार ठरलो असे त्यांना वाटले. आमच्या घरातून त्यांना सांगण्यात आले, "मावशी, नळाच्या पाण्याचीही तपासणी होणार आहे. पाण्याला कुठे लाज वाटते?" तेव्हा त्या हसल्या आणि तयार झाल्या.

काही दिवसांच्या अंतराने त्यांच्या शौचाचे तीन नमुने प्रयोगशाळेत गेले. तिन्हींत जंतू आढळला नाही. इकडे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका परिचितांनी इमारतीच्या तळटाकीतील पाण्याची ओ.टी. चाचणी केली. पाण्यात पुरेसे क्लोरीन असेल तर औषधाचे थेंब टाकताच पाणी पिवळे होते. आमच्या टाकीतील पाण्यास पिवळेपणाची छटाही आली नाही. टाकीचे झाकण एका कोपऱ्यात फुटलेले होते आणि पावसाचे अंगणातील पाणी तेथून आत झिरपत होते. त्या महिन्यात नळाचे पाणी अपुरे पडल्यामुळे टँकरचे पाणी त्यात मिसळले होते. ते कोणत्या विहिरीचे, हे टँकर आणणाऱ्यासही नीट सांगता आले नाही. मुलांना ताप त्या पाण्यामुळे आला असे आम्ही म्हणत नाही. ते सिद्ध करण्याची वेळ निघून गेली होती. टाकी उपसली, घासली, झाकण बदलले, टी.सी.एल. पावडरचे प्रमाण ठरविले. त्यानंतर त्या वर्षी इमारतीत ताप आला नाही. मावशींची चूल पुन्हा पेटली. बारांपैकी तीन मुले मात्र परत आली नाहीत. तपासणीचा कागद रोगाचा संशय दूर करतो, मनाचा संशय दूर करण्यास त्याची शक्ती अपुरी पडते.

ह्या प्रसंगाने आमचे लक्ष पाण्याकडे वळले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरास एक दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला. पाणी मोजके असले म्हणजे असे करणे भाग पडते, हे मान्य. परंतु नळ जेव्हा तासन्तास कोरडा असतो तेव्हा जमिनीखालच्या जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि तिच्या फटींतून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्मळ पाणी वाटेतच असे बाटते. शिवाय पाणी रोज येत नसले की ते साठवावे लागते, आणि साठवणीचे प्रत्येक पिंप, प्रत्येक टाकी, तीत बुडणारा प्रत्येक तांब्या ही जंतूंना मिळालेली एक नवी संधी असते. आमच्या आज्या माठातले पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढीत आणि पोराने हात बुडविला तर पाठीत धपाटा देत. त्यांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण ओगराळ्याचे शास्त्र ठाऊक होते.

पाणी शुद्ध झाले की विषमज्वर हटतो, हे जगाने पुरते पाहिले आहे. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी शहराच्या पाण्यात क्लोरीन नियमित मिसळले जाऊ लागले. ती पद्धत शहरोशहरी पसरली आणि तेथील टायफॉईडचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा ह्या रोगावर प्रभावी औषध अस्तित्वातच नव्हते. ते तब्बल चाळीस वर्षांनी आले. आपल्याकडे नदीच्या उघड्या पात्राऐवजी धरणापासून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर बंद जलवाहिनी टाकण्याची योजना आखली गेली, ती पाण्याची गळती व प्रदूषण टळावे म्हणूनच. परंतु मावळातील शेतकऱ्यांना आपले पाणी जाईल अशी भीती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे ती योजना वर्षानुवर्षे अडून राहिली. शहराच्या आरोग्यासाठी आखलेले काम ज्यांच्या शेताशेजारून जाणार त्यांचे समाधान केल्यावाचून पुढे सरकत नाही. आमच्या मावशींच्या प्रश्नाचेच हे मोठे रूप नव्हे काय?

२०२५ च्या जानेवारीत पुणे शहराच्या नैऋत्येस नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत गियाँ-बारे नावाच्या मज्जासंस्थेच्या रोगाने हाहाकार उडविला. धडधाकट माणसांचे हातपाय आठवड्याभरात लुळे पडू लागले. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. साल्मोनेलाप्रमाणेच तोही दूषित पाण्यातून आणि कच्च्या कोंबडीच्या मांसातून येतो. त्या दिवसांत लोकांनी विहिरीत डोकावून पाहिले, टाक्या धुतल्या, पाणी उकळले. भीतीने केलेली ही स्वच्छता दोन महिने टिकली. ती सवयीने केली असती तर वर्षानुवर्षे टिकली असती.

आता अंड्याकडे वळू. पुणे हे देशातील कुक्कुटपालनाचे एक मोठे केंद्र आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय येथेच आहे. अंडे हे गरिबाचे पौष्टिक अन्न, आणि त्यास नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु साल्मोनेलाची एक जात अशी आहे की ती कोंबडीच्या अंडाशयातच घर करते. कवच तयार होण्यापूर्वीच जंतू अंड्यात शिरलेला असतो. असे अंडे दिसावयास, वासास आणि चवीस अगदी चांगले असते. १९८८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी ह्यांनी देशातील बहुतेक अंड्यांचे उत्पादन साल्मोनेलाने ग्रासलेले असल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला, गदारोळ उठला आणि बाईंना पंधरवड्यात राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या विधानात अतिशयोक्ती होती, हे खरे. परंतु गदारोळ शमल्यावर तेथील उत्पादकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९९८ पासून त्यांनी एका ठरावीक शिक्क्याखाली विकल्या जाणाऱ्या अंड्यांच्या कोंबड्यांना साल्मोनेलाविरुद्ध लस टोचण्याचा नियम केला. २०१७ साली तेथील अन्न-खात्याने सांगितले की ह्या शिक्क्याचे अंडे गर्भवतींनी, बालकांनी आणि वृद्धांनी अर्धकच्चे खाल्ले तरी चिंता नाही. जवळजवळ तीस वर्षे लागली. पण गेलेला विश्वास पुन्हा मिळाला.

आपल्याकडे अजून ती खात्री नाही. म्हणून अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे, हेच बरे. २०२३ च्या जानेवारीत केरळने, २०२४ च्या अखेरीस तेलंगणाने आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूने कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर बंदी घातली. मोमो आणि शोरमा ह्यांबरोबर मिळणारा हा पांढरा लेप आमच्या रावेतच्या चौकांतही आता परका राहिलेला नाही. आणि केवळ गाड्यांकडेच बोट दाखवून कसे चालेल? नाताळच्या केकवर कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेली साखरेची नक्षी आमच्याही घरांत चढते. हौस सोडावी असे कोण म्हणेल? बलक साखरेबरोबर गरम पाण्याच्या भांड्यावर धरून नीट तापवून घेतला, किंवा जंतुमुक्त केलेली बलकाची भुकटी वापरली, तर नक्षीही राहते आणि नातवंडेही सुखरूप राहतात.

औषधे आहेत ना, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. पिंपरी हे तर औषधांचेच गाव. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशाला स्वतःचे पेनिसिलीन मिळू लागले. विषमज्वरावर मात्र पेनिसिलीन चालत नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल ह्या रोगावर लागू पडल्याचे दिसून आले आणि मुदतीच्या तापाची मुदत प्रथमच मोडली. परंतु १९७२ सालीच केरळात कालिकत येथे ह्या औषधास न जुमानणारा विषमज्वर पसरला. पुढे एकामागून एक औषधे निष्प्रभ होत गेली. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात तर असा जंतू उद्भवला की त्यावर तोंडाने घेण्याचे जवळजवळ एकच औषध उरले. ताप आला की औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणावयाच्या आणि बरे वाटताच उरलेल्या फेकून द्यावयाच्या, ही आपली सवय ह्या जंतूंची शाळाच होय.

ह्या अंधारात एक दिवा आपल्या महाराष्ट्राने लावला आहे आणि त्याची वार्ता पुरेशी झालेली नाही. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना विषमज्वराची नवी संयुग्मित लस मोफत टोचण्याची मोहीम हाती घेतली. पहिल्या टप्प्यात एक लाख तेरा हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ही लस अशा रीतीने देण्याचा तो जगातील पहिलाच प्रयोग होता. लस हैदराबादेत तयार झालेली, मोहीम नवी मुंबईची, आणि अनुभव साऱ्या जगाच्या कामी आला. ज्यांना आपल्या मुलांस ही लस देणे शक्य आहे त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. लसीने पाणी शुद्ध होत नाही. परंतु पाणी शुद्ध होईतो मुले जगली पाहिजेत.

कायदाही काही सांगतो. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांत अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्यांना आंत्रज्वराच्या गटातील रोगांविरुद्ध लस टोचलेली असावी, असे म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण त्या तपासणीचा खर्च कोणी करावयाचा आणि तपासणीत काही आढळले तर त्या बाईच्या घरी चूल कशी पेटावयाची, हे प्रश्न शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच सोडवावे लागतात.

आमच्या धर्मग्रामाच्या वार्षिक सणास चारशे माणसांची पंगत उठते. रावेतच्या त्या अनुभवानंतर आम्ही मंडळींनी ह्या भोजनासाठी काही नियम ठरविले आणि आता ते रुळले आहेत. मटण आदल्या रात्री शिजवून टोपातच ठेवावयाचे नाही. भल्या पहाटे शिजवावयाचे आणि पंगत उठेपर्यंत आचेवर ठेवावयाचे. कोमट अन्नात जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. वाफाळत्या अन्नात होत नाहीत. कच्ची कोंबडी नळाखाली धुवावयाची नाही, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू शेजारच्या काकडीवर बसतात. मांसाची सुरी आणि फळी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी. वाढप्यांसाठी मंडपाच्या तोंडाशी पाण्याची टाकी आणि साबण. शेवटचा नियम आचाऱ्यांसाठी आहे आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला ताप वा जुलाब असेल त्याने तसे मोकळेपणी सांगावे आणि घरी राहावे. त्याची त्या दिवसाची मजुरी त्याला पोहोचती केली जाईल. पहिल्या वर्षी एका सदस्याने विचारले, "अहो, मग खोटे सांगून घरी बसणारे निघतील, त्यांचे काय?" त्यावर आमच्यातील एक वयोवृद्ध बाई म्हणाल्या, "निघू देत की! एका खोट्याची मजुरी गेली तरी चारशे पोटांपुढे ती कितीशी?" आजवर कोणी खोटे सांगितलेले नाही. दोघांनी मात्र खरे सांगितले आहे.

वाचकहो, तुमच्याही धर्मग्रामात, मंडळात, इमारतीत पंगती उठत असतील. तुमच्याही दाराशी डबा घेऊन कोणी मावशी येत असतील. टाकीचे झाकण स्वतः उघडून पाहा. साबणाची वडी बेसिनशी आहे की नाही ते पाहा. आणि तुमच्यासाठी रांधणारे माणूस आजारी पडले तर त्याला निर्धास्तपणे आजारी पडता येईल एवढी तजवीज आधीच करून ठेवा. अन्न देणाऱ्यावर विश्वास ठेवणे ही आपली जुनी रीत आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. मात्र त्या हातांना स्वच्छ पाणी, लस आणि चार दिवसांची भरपगारी विश्रांती देणे हे खाणाऱ्यांचे देणे आहे. ते आपण आजवर पुरते फेडलेले नाही.